मुठीवरचा शेंदूर

डाळिंबाच्या एका कंटेनरच्या मागच्या दारावर, मुठीपाशी, बोटभर शेंदूर लागलेला होता. नोकरीतले किती खून आणि किती दरोडे मी आता विसरून गेलो, पण तो शेंदूर डोळ्यांसमोरून जात नाही. भिगवणच्या बाजूला कधी जाणं झालं की महामार्गावर पुढं चाललेल्या प्रत्येक कंटेनरचं दार मी न्याहाळत राहतो. बायको वैतागते. म्हणते, निवृत्त झालात, आता तरी रस्त्याकडं बघून गाडी चालवा. या हकिकतीत मी नाव कुणाचंच देणार नाही. जे गेले त्यांचं नाही, आणि जे अजून त्या गावात राहतात त्यांचं तर नाहीच.

तेव्हा मी इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत पुणे-सोलापूर महामार्ग, उजनीचं पाणी, उसाचे फड आणि डाळिंबाच्या बागा. समुद्र कित्येक तासांच्या वाटेवर. गावातल्या बहुतेक म्हाताऱ्यांनी तो पाहिलेलाही नव्हता. तरी तिथं काही महिने काढल्यावर माझ्या ध्यानात आलं, की या लोकांचा निम्मा जीव मुंबईजवळच्या बंदरात अडकलेला असतो. जहाज वेळेवर लागलं का, गर्दीमुळे माल धक्क्यावर थांबलाय का, याची चौकशी पारावर बसून चालायची. आधी पावसाबद्दल बोलणारी माणसं आता बोटींबद्दल बोलत होती.

त्याला कारण होतं गावाचं पॅकहाऊस. बागायतदारांनी एकत्र येऊन ते उभारलं होतं. बंदरावरून रिकामा थंड कंटेनर यायचा, डाळिंबांच्या पेट्यांनी भरायचा, सील लागायचं आणि तो पुन्हा बंदराकडं निघायचा. या एका फेरीवर गावाचं बरंच काही उभं राहिलं होतं. उसाच्या फडात खुरपणीला जाणाऱ्या बाया आता टोपी आणि हातमोजे घालून सावलीत फळं निवडत होत्या. फाट्यावर गॅरेज आलं, टायरवाला आला, दोन खानावळी आल्या, शिकलेली पोरं पुण्याहून परत यायला लागली. बंदराच्या नावानं कुणी कितीही भाषणं करोत, मला त्याचा अर्थ त्या पॅकहाऊसच्या दाराशी कळला.

एके दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. डाळजजवळ उजनीच्या पाण्यात मच्छीमारांना एक प्रेत दिसलं होतं. मी हवालदारांना घेऊन गेलो. हे हवालदार मूळचे त्याच भागातले, सेवेत माझ्याहून जुने, आणि माझ्या प्रत्येक निर्णयावर मान हलवून शंका दाखवण्याची त्यांना खोड होती. प्रेत बाहेर काढलेलं होतं. तिशी ओलांडलेला, अंगानं मजबूत माणूस. काठावर त्याच्या चपला शेजारी शेजारी, नीट ओळीत ठेवलेल्या.

जमलेल्यांपैकी कुणी तरी म्हणालं, "जीव दिला बगा. चपला काढूनच गेलाय."

जीव द्यायला निघालेला माणूस चपला काठावर ठेवून जातो, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ज्याला आत्महत्येचा देखावा करायचा असतो, त्यानंही ते ऐकलेलं असतं. पंचनामा केला, अकस्मात मृत्यूची नोंद घेतली आणि प्रेत शवविच्छेदनासाठी पाठवलं.

मृताला सगळेच ओळखत होते. तो पॅकहाऊसचे कंटेनर बंदरावर नेणारा ड्रायव्हर. ज्यांच्या गाडीवर तो होता ते वाहतूकदार पंचनामा संपायच्या आत तिथं पोचले. सगळा तालुका त्यांना तात्या म्हणायचा. पांढरी टोपी, पांढरा सदरा, आवाज कायम खालच्या पट्टीत. गावातलं कुठलंही भांडण आधी त्यांच्या ओसरीवर जायचं आणि तिथं मिटलं नाही तरच आमच्याकडं यायचं. पुष्कळदा ते मिटायचं, आणि खोटं कशाला बोलू, आम्हालाही ते सोयीचं वाटायचं.

तात्या प्रेताजवळ उकिडवे बसले, डोळे पुसले आणि मला म्हणाले, "साहेब, पोरगं भित्रं हुतं. त्या कंटेनरच्या प्रकरणानं हाय खाल्ली त्यानं. त्याच्या घरचं समदं मी बगतो, तुमी काळजी करू नका."

कंटेनरचं प्रकरण म्हणजे काय, ते इथं सांगायला हवं. काही दिवसांपूर्वी याच ड्रायव्हरनं पोचवलेला एक कंटेनर बंदरावर तपासणीत अडकला होता. मागच्या रांगांतल्या डाळिंबांच्या पेट्या गायब आणि त्यांच्या जागी रक्तचंदनाचे ओंडके. रक्तचंदनाची निर्यात हा गंभीर गुन्हा. सीमाशुल्क खात्यानं पहिली गोष्ट पाहिली ती सील. ते शाबूत होतं. सील शाबूत म्हणजे माल बदलला तो सील लागायच्या आधी, म्हणजे पॅकहाऊसमध्येच, असा सरळ हिशेब त्यांनी मांडला. सील लावलं होतं पॅकहाऊसच्या सुपरवायझर बाईंनी, स्वतःच्या हातानं. त्यांनी बाईंना अटक केली.

या बाई तिशीच्या आतल्या. शेतकी पदवी घेतलेल्या. वडील एसटीत कंडक्टर होते, आता घरचं शेत बघायचे. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी निळ्या कोटातला तो फोटो, जो अशा प्रत्येक घरात असतो. बाईंनी पॅकहाऊसची शिस्त बसवली होती आणि परदेशातला खरेदीदार त्यांच्या सहीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा. अटक झाल्यावर मात्र गावाचा सूर एका दिवसात पालटला. "एवढं शिकून काय केलं शेवटी," असं लोक बोलू लागले, आणि "त्यांच्यातली" हा शब्द मी दोन ठिकाणी ऐकला. दुसरी कुणी असती तर गावानं पुरावा मागितला असता. इथं मागितला नाही. मला त्या वेळी चीड आली होती आणि लिहिताना आजही येते.

आता ड्रायव्हर मेला म्हटल्यावर गोष्ट पूर्ण झाली, असं सगळ्यांना वाटलं. दोघांनी मिळून केलं, एक तुरुंगात गेली, दुसऱ्यानं भीतीनं जीव दिला. माझ्या वरिष्ठांचाही फोन आला की आत्महत्या दिसते, लांबवू नका.

शवविच्छेदनाचा अहवाल आला. डोक्याच्या मागे जड वस्तूचा घाव, आणि पाण्यात पडायच्या आधीच मृत्यू. मी खुनाचा गुन्हा नोंदवला.

चंदनाचा तपास सीमाशुल्कवाल्यांचा, माझ्याकडं फक्त खून. पण दोन्हीची मुळं एकाच जागी आहेत, हे कळायला पोलीस असण्याची गरज नव्हती. मी ड्रायव्हरची गाडी पाहून आलो. ती डाळजजवळ, पाण्याच्या कडेला तात्यांच्या आवारात उभी होती. आवारात पत्र्याची मोठी शेड, वेल्डिंगचं सामान, भंगारानं भरलेला पिंप. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये समोर मारुतीची छोटी तसबीर, तिला ताजा शेंदूर, आणि खाली शेंदराची पितळी डबी. असं बहुतेक ट्रकमध्ये दिसतं. मी पंचनाम्यात लिहून पुढं झालो.

ड्रायव्हरच्या बायकोचा जबाब घेतला. ती त्याच पॅकहाऊसमध्ये फळं निवडायला जायची. प्रत्येक प्रश्नाला "मला काय बी ठावं न्हाय" एवढंच उत्तर. दुःखात माणसं एक तर खूप बोलतात किंवा गप्प होतात, पण तिचं गप्प बसणं वेगळं होतं. ती उत्तर देण्याआधी दाराकडं बघायची. दारात तात्यांचा माणूस किराणा घेऊन उभा होता.

खबर मिळाली ती भिगवणच्या मासळी बाजारात. तिथला एक खानावळवाला आमचा जुना माहीतगार. त्यानं मला चिलापी खायला बसवलं आणि ताट पुढं सरकवता सरकवता म्हणाला, "साहेब, त्यो डाळिंबाचा कंटेनर निघाला ना, त्या दिवशी सांजच्याला तात्यांच्या शेडमधी गारव्याच्या डब्याचं इंजिन घरघरत हुतं. जाळी टाकणाऱ्या पोरांनी ऐकलं. त्यास्नी वाटलं मासळीचा डबा आसंल."

"मग मासळीचा नसेल कशावरून?"

"तात्या माळकरी हायती. त्यांच्या आवारात मासळी कोण आणंल?"

मी जेवण अर्धं टाकून उठलो. महामार्गानं सरळ जायचा कंटेनर वाट सोडून शेडमध्ये थांबला होता, एवढं तरी आता कळलं. पण शेडमध्ये थांबला तरी सील शाबूत राहिलं कसं, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ते फक्त कंटेनरच देऊ शकत होता. वरिष्ठांची परवानगी काढून मी हवालदारांना घेऊन बंदर गाठलं.

बंदर मी पहिल्यांदाच आतून पाहत होतो. कंटेनरवर कंटेनर रचलेल्या भिंती, त्यांच्यामधून गल्ल्या, आणि वर मान करून बघावेत असे क्रेन. आमच्या गावातल्या पारावर ज्याची रोज चर्चा चालायची ते हेच. तिथल्या अधिकाऱ्यानं चहा दिला, सौजन्यानं बोलला, पण बोलता बोलता म्हणाला,

"तुमच्या भागातून येणारा प्रत्येक कंटेनर आता आम्ही उघडून पाहतोय. खरेदीदारानं तर तिथला माल घेणंच थांबवलंय."

फळ म्हणजे काही लोखंड नव्हे. ते दिवसेंदिवस धक्क्यावर उभं राहू शकत नाही. गावात परतल्यावर पॅकहाऊसबाहेर परत आलेल्या पेट्यांचा ढीग आणि त्यावर घोंगावणाऱ्या माश्या मी पाहिल्याच. चार ओंडक्यांपायी एका तालुक्याची वाट बंद होत होती.

कंटेनर एका बाजूला जप्तीत उभा होता. दोन झडपांचं दार, त्यावर उभे लोखंडी दांडे, दांड्याला आडवी मूठ. मूठ फिरवली की दांडा फिरतो आणि दार उघडतं. सील असतं त्या मुठीच्या टोकाला. अधिकारी म्हणाला, "बघा, सीलला ओरखडासुद्धा नाही."

मी सीलकडं बघतच नव्हतो. दाराच्या मध्यावर कुंकवाचं स्वस्तिक होतं. मुठीवर, सीलवर, दांड्यावर बोटांचे लालभडक ठिपके होते. कुंकू तेलात कालवून लावलेलं, उन्हापावसात टिकावं म्हणून. त्या अधिकाऱ्यानं आयुष्यात असे हजारो पूजेचे कंटेनर पाहिले असणार, त्याच्या दृष्टीनं ती धूळ. मुठीला दांड्याशी जोडणारा एक बोल्ट असतो. त्या बोल्टच्या डोक्यावरही बोटाचा ठिपका होता. पण तो लाल नव्हता. केशरी होता.

"हवालदार, हे काय आहे?"

हवालदार जवळ गेले, वाकून पाहिलं, बोट न लावता वास घेतला. "शेंदूर हाय साहेब." मग नेहमीप्रमाणे मान हलवली. "पर बाया दाराला कुंकू लावत्यात. शेंदूर लावत न्हायत."

बोल्ट नवा होता. त्याच्यावर कंटेनरच्याच रंगाचा हात मारला होता आणि शेंदूर त्या रंगाच्या वर होता. मग सगळं उलगडलं. जुना बोल्ट मागून कापला की मूठ सीलसकट जागेवर राहते आणि दांडा मोकळा फिरतो. दार उघडायचं, माल बदलायचा, नवा बोल्ट ठोकून वरून रंग द्यायचा. सीलला हात लावायची गरजच नाही. ज्यानं हे केलं त्यानं रंग बेमालूम दिला होता. पण कुणी तरी नंतर त्या बोल्टवर शेंदराचं बोट टेकवलं होतं. अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत मी त्याचा पंचनामा करून घेतला.

मात्र एवढ्यानं बाई सुटत नव्हत्या. सीलवर कुंकू होतं, म्हणजे पूजा सील लागल्यानंतर झाली. जुन्या बोल्टवरही तेव्हा कुंकूच लागलं असेल, तर बोल्ट बदलला गेला तो पूजेनंतर, म्हणजे वाटेत, आणि बाईंचा त्याच्याशी संबंध उरत नव्हता. पण सांगणार कोण? पॅकहाऊसमधल्या बायकांचे सीमाशुल्क खात्यानं घेतलेले जबाब मी वाचले होते. पूजेचा एका शब्दानंही उल्लेख नव्हता.

न्यायालयाच्या परवानगीनं मी तुरुंगात जाऊन सुपरवायझर बाईंना भेटलो. खूप वाळल्या होत्या. मी विचारलं, "सील लावल्यावर पूजा कुणी केली?"

"माहीत नाही, सर. मी आत फोन करायला गेले होते."

"कुणाला?"

"आता आठवत नाही, सर." मी म्हणालो, "बाई, दारावर कुंकू आहे. मी डोळ्यांनी पाहून आलोय. त्या कुंकवावर तुमची सुटका अवलंबून आहे."

त्या म्हणाल्या, "खरेदीदाराचा नियम आहे, सर. माल भरायच्या जागी नारळ नाही, कुंकू नाही, काही नाही. आधी एक बाई पकडली गेली होती, तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ दिलं नाही. माझा काही त्या पूजेवर विश्वास नाही. पण त्यांचा आहे. म्हणून सील लावलं की मी आत जायचे. मला दिसलंच नाही, असं होत होतं."

"आणि हे तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर सगळ्यांचं काम गेलं असतं."

त्यांना बोल्टची गोष्ट माहीत नव्हती. आपण गप्प बसून स्वतःची सुटका अडवतोय, हेही माहीत नव्हतं. तिकडं बायाही गप्प होत्या, आपापल्या पोटासाठी. दोन्हीकडचं गप्प बसणं एकाच नियमापायी होतं, आणि मधल्या मधे खुनी निवांत होता.

ड्रायव्हरच्या घरी मी या वेळी गणवेश न घालता, लिहून घ्यायला साध्या कपड्यातला एक शिपाई घेऊन गेलो, आणि जाण्याआधी तात्यांच्या त्या किराणावाल्याला हवालदारांनी ठाण्यात गप्पा मारायला बोलावून घेतलं. नरसिंहपूरच्या संगमावर अस्थी सोडून ती नुकतीच परतली होती. कपाळ मोकळं. मी जमिनीवर बसलो आणि जे पाहिलं ते सरळ सांगितलं. बोल्ट, रंग, त्यावरचं बोट.

तिनं एकच विचारलं, "रंग कसा हाय त्याचा?"

"केशरी."

ती भिंतीला टेकली. "डबी सरत आली हुती. मीच भरून दिली हुती शनवारी."

चौकशीत सगळ्यात अवघड काम गप्प राहण्याचं असतं.

"दाराला कुंकू मी लावलं साहेब. मुठीला, त्या बोल्टाला, समद्याला. त्याची गाडी आसली की मीच लावायची, दुसऱ्या कुनाला लावू देत न्हवते. वाटेत काय इपरीत हुऊ नये म्हनून." ती स्वतःच्या बोटाकडं बघत होती. "माजं बोट पुसलेलं त्याला बगवलं नसंल. मोकळं कसं ठिवायचं, म्हनून लावला आसंल शेंदूर."

"हे जबाबात लिहून द्याल?"

"मी बोलले तर त्याचं नाव चोरात जाईल."

"जाईल," मी म्हणालो. तिला फसवायची माझी छाती झाली नाही.

"आन् न्हाय बोलले तर मॅडम आत ऱ्हातील."

"हो."

आत सासू खोकत होती. ती उठून तिला पाणी देऊन आली, पदर सारखा केला आणि समोर बसली. "ल्ह्या," म्हणाली.

पुढं तिनं जे सांगितलं ते शिपायानं लिहून घेतलं. कंटेनर पकडल्याची आणि मॅडमना नेल्याची बातमी आली त्या दिवसापासून नवरा जेवत नव्हता. शेवटी म्हणाला, मॅडमचा काय गुन्हा, मी ठाण्यात जाऊन सांगतो समदं. ती घाबरली. ठाणं म्हणजे परकी जागा. तिथं आपल्या माणसाचं काय होईल कुणी सांगावं?

"मीच म्हनले, एकदम पोलिसात नगा जाऊ. आदी तात्यांच्या कानावर घाला. ते मोठं मानूस हायती, ते सोबत येतील तुमच्या." तिचा आवाज तेवढ्यापुरताच फाटला. "तात्यांना सांगून येतो म्हनून गेला. मी त्याचा डबा बांधून ठिवला हुता, ठाण्यात लई वेळ लागला तर आसावा म्हनून."

त्याच दुपारी मी तात्यांच्या आवाराची झडती घेतली. पंच म्हणून बाहेरच्या गावचे दोघे नेले. शेडमध्ये कंटेनरच्या रंगाचा डबा मिळाला. पण माझं लक्ष भंगाराच्या पिंपावर होतं. ते जमिनीवर पालथं केलं आणि हवालदार मांडी घालून एकेक तुकडा निवडत बसले. नटबोल्ट, पत्र्याचे कातरे, तुटक्या साखळ्या. बऱ्याच वेळानं त्यांनी एक बोल्ट उचलला. मागून कापलेला. डोक्यावर तेलात कालवलेलं लाल कुंकू, आणि त्यात बोटाचा ठसा स्पष्ट उमटलेला. हवालदारांनी या वेळी मान हलवली नाही.

तात्यांना ठाण्यात आणलं. बाहेर माणसं जमली, तीन-चार पुढाऱ्यांचे फोन आले, कुणी तरी म्हणालं की देवमाणसाला हात लावताय. तात्या शांत होते. खुर्चीत बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कंटेनर शेडमधी आला हुता, व्हय. डिझेल भराया. त्यात काय झालं?"

"डिझेल भरायला मूठ कशाला खोलावी लागली?"

"कुनी खोलली? सील बगा की साहेब, सील."

तासभर ते सीलच्या पुढं सरकले नाहीत. आरडाओरडा करणाऱ्या आरोपीचं एक बरं असतं, तो दमतो. थंड माणूस दमत नाही. त्याला दुखवायचं असेल तर त्याच्या कामात खोट काढावी लागते. मी टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या. पिशवीत बंद केलेला कापलेला बोल्ट, आणि शेजारी नव्या बोल्टचा फोटो.

"काम सफाईदार केलंत तात्या. रंग तर ओळखूच येत नव्हता. पण त्यावर शेंदूर लावायला नको होता."

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. त्यांना हे ठाऊकच नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मानेची शीर ताठ झाली.

"त्या येड्याला सांगितलं हुतं," ते दातओठ खात म्हणाले, "रंग ओला हाय, हात लावू नगंस."

मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं. टोपी उचलून त्यांनी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. त्यानंतर बाकीचं यायला वेळ लागला नाही. ड्रायव्हर ओसरीवर आला होता, त्यांच्या पाया पडला होता, आणि म्हणाला होता, "तात्या, तुमी संगं चला, मला एकट्याला भ्या वाटतं." ते त्याला गाडीत बसवून ठाण्याकडं म्हणून निघाले आणि वाटेत शेडवर थांबले.

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात टिकत नाही, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात. म्हणून त्यांनी दाखवलेल्या जागेवरून ज्या लोखंडी पहारीनं घाव घातला ती पंचांसमक्ष पाण्यातून काढली. बोल्टवरचा ठसा प्रयोगशाळेत ड्रायव्हरच्या बायकोच्या बोटाशी जुळला. तिनं न्यायालयात भर गर्दीत साक्ष दिली. तात्यांच्या वकिलानं तिला विचारलं, "तुमचा नवरा चोर होता, हे तुम्हाला मान्य आहे?" ती म्हणाली, "व्हय. पर त्यो सांगाया निगाला हुता." तात्यांना जन्मठेप झाली. सुपरवायझर बाई त्याच्या कितीतरी आधी निर्दोष सुटल्या होत्या.

गाव मात्र गावच राहिलं. सुटून आलेल्या बाईंचा सत्कार करायचं ठरलं. हार, शाल, नारळ. त्या गेल्याच नाहीत, आणि बोलवायला आलेल्यांना चहा पाजून परत पाठवलं. ड्रायव्हरच्या बायकोला लोक चोराची बायको म्हणू लागले. तात्यांच्या गाड्या बंद झाल्या त्याचा दोषही तिच्याच माथी मारला. तिनं कामावर जाणं सोडलं. खरेदीदार परत यायला एक अख्खा हंगाम जावा लागला, आणि तेवढ्यात काही बागा तोडल्या गेल्या त्या गेल्याच.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मला बोल्ट आठवत नाही. मला आठवतो तो बांधून ठेवलेला डबा. एक माणूस खरं बोलायला निघाला होता, आणि ठाण्याची पायरी एकट्यानं चढायची त्याला भीती वाटली. म्हणून तो आधी मोठ्या माणसाच्या ओसरीवर गेला. त्या भागात तशीच रीत होती, आणि ती रीत आम्हाला सोयीची होती. त्यानंतर नोकरी असेपर्यंत मी ठाणे अंमलदाराला एकच सूचना देत राहिलो. दारात कुणी घुटमळताना दिसला, तर उठून बाहेर जा आणि त्याला आत घेऊन या. किती जणांनी ती पाळली, मला माहीत नाही.

बदली होऊन जायच्या आधी मी एकदा पॅकहाऊसवर गेलो. कंटेनर भरत होता. निवडणाऱ्या बायांमध्ये ड्रायव्हरची बायको होती. सुपरवायझर बाई स्वतः तिच्या घरी जाऊन, हाताला धरून तिला घेऊन आल्या होत्या, असं हवालदारांनी सांगितलं. नियम आता आणखी कडक झाले होते. दारावर कसलीही खूण चालत नव्हती, आणि बंदराकडून आलेलं नव्या तऱ्हेचं सील कुणी दार हलवलं तरी आपोआप कळवायचं.

शेवटची पेटी आत गेली. दार बंद झालं. बाईंनी सील लावलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि कुणाकडंही न बघता म्हणाल्या, "मी जरा फोन करून येते."

फोन त्यांच्या हातातच होता. त्या आत गेल्या.

बाया जागच्या हलल्या नाहीत. ड्रायव्हरची बायको तेवढी दारापाशी गेली. तिनं हातमोजा काढला आणि मुठीवरच्या बोल्टला बोट टेकवलं. बोटाला कुंकू नव्हतं, शेंदूर नव्हता, काहीच नव्हतं. मग ती बाजूला झाली आणि गाडी बंदराकडं निघाली.